कवळी बाहेर, औषध आत

ताईंना साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघे आता तेवढं ऐकत नाहीत). तुमची कंबर काय म्हणते? साडूभाऊंचा खोकला हटला का? मला खरं तर तुमच्या बहिणीच्या डोळ्यांविषयी लिहायचंय, पण त्याची वाट माझ्या तोंडातून जाते, त्याला माझा इलाज नाही.

तर झालं काय, माझ्या तोंडात बुरशी झाली. हसू नका. शिळ्या पावाला येते ना, तिच्याच भाऊबंदांपैकी. कवळी बसवल्यापासून मी ती काढतच नव्हतो, झोपतानासुद्धा नाही. (उभा जन्म कापडाच्या दुकानात बोलण्यात गेला. बोळक्या तोंडाने रंग पक्का आहे म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवील? दुकान सुटलं, सवय सुटली नाही.) मग टाळू लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले, चहाच्या घोटासरशी डोळ्यांत पाणी. तुमची बहीण म्हणाली, एवढं बोलल्यावर तोंड येणारच. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारली आणि बुरशी मारायचं पिवळं औषध दिलं. दिवसातून चारदा तोंडात घ्यायचं, जमेल तेवढा वेळ घोळवायचं आणि गिळायचं.

बाटली इमानेइतबारे संपवली (घोळवणं जरा आटोपतं घ्यायचो, बोलायचं खोळंबतं ना), पण काडीचा फरक नाही. तावातावाने पुन्हा गेलो. बाईंनी शांतपणे विचारलं, औषध घेताना कवळी कुठे असते? म्हटलं, कुठे म्हणजे? तोंडात! त्यांनी कपाळाला हात लावला. अहो ताई, टाळूपर्यंत औषध पोचलंच नव्हतं, सगळं मी प्लॅस्टिकला पाजलं होतं! त्यातून कवळी हेच त्या बुरशीचं माहेरघर. ती रोज घासायची, रात्री काढून भिजत ठेवायची, नाहीतर बरं झालेलं तोंड परत बिघडतं. नवी बाटली मिळाली आणि सोबत ताकीद: कवळी बाहेर, औषध आत, तोंड बंद.

आमच्या घरात मी गप्प बसलोय हे पहिल्यांदाच घडत होतं. तुमची बहीण आधी घाबरलीच. मग टॉवेलांच्या घड्या घालता घालता काहीतरी बोलली, माझ्या उत्तराची वाट पाहिली, ते येईना म्हणून आणखी बोलली. हळूहळू बाटली निघाली की ती स्टूल ओढून बसायला लागली. सुरुवात माझ्या खोडींपासून झाली (यादी देत नाही, तुम्हाला पाठ आहे). मी बापडा मान डोलवत होतो.

एक दिवस ती खिडकीकडे बघत म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करा म्हणून कधीचं सांगितलंय. मला भीती वाटते. सुई ओवता येत नाही, कपात चहा आवाजावरून ओतते, रस्त्याच्या पलीकडे तुम्ही कुणाशी तरी बडबडत असता म्हणून सापडता. सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी विनोद केला असता, मी हसले असते, की संपला विषय.

ताई, विनोद तयार होता हो, चांगला होता. औषधाबरोबर गिळला. फार वाईट वाटलं मला. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे कळू नये?

टाळू आता सुधारतोय. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा (सध्या मितभाषी) मेव्हणा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. ताई आली तर ऑपरेशन करून घेईन, असं ती म्हणते. तिथे धरायला तुमचा हात हवाय. माझा चालणार नाही का, विचारणार होतो, पण तोंडात औषध होतं. या हो. नाही म्हणू नका.

ता. क. दोन. डॉक्टरीणबाईंनी कालच तपासून औषध बंद केलं. घरी बोललेलो नाही. तोंडात साधं पाणी धरून बसतो. तुम्ही कृपा करून फोडू नका.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात बाटली घ्यायला उठलो, तर ती घासून पालथी घातलेली, शेजारी वाटीत कोमट पाणी. गार पाण्याने हिरड्या ठणकतात तुमच्या, म्हणाली. आणि म्हणे दिसत नाही! स्टूल ओढून बसलीय, बोलायला लागलीय, म्हणून इथेच थांबतो.