सेव्हिलची डोळ्यांची देवी

स्टॅनमोर, मे १९८९

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे मला शेजारच्या सुमनच्या पत्रातून कळावं? मी विमानात बसायचीच वाट बघत होतात वाटतं. असो, आता नमस्कार घ्या.

सुट्टीत राजीवने आम्हाला स्पेन दाखवलं. सेव्हिल गाव जुनं आणि ऐटदार. रस्तोरस्ती संत्र्याची झाडं, पण फळ असं आंबट की लोणचंच घालावं. दिवसभर निवांत हिंडलो. गुडघे कुरकुरले नाहीत, म्हणजे फार नाही.

एका चर्चच्या दारात मी सवयीने चपला काढल्या. मीनल लाजून तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "आजी, प्लीज, तुझा चप्पल घाल ना!"

"तू लाज, मी दर्शन घेते," म्हटलं.

आत एक बाई उभी, हातात ताटली, ताटलीत दोन डोळे! डोळ्यांचीच देवी म्हणे. तिथेच नवस बोलले, यांना नीट दिसू दे, चांदीचे डोळे वाहीन.

राजीवने कपाळाला हात लावला. "आई, फेडायला परत कोण येणार?"

"तूच आणशील. बाप तुझा आहे."

पट्टी सुटली का? थेंब वेळेवर घालता ना?

आपली,
सौ. गोदावरी

सुमन, हे पत्र तू वाचून दाखवतेयस ते ठीक, पण उत्तर तू लिहायचं नाहीस. यांनी स्वतः लिहायचं, ओळी वाकड्या गेल्या तरी चालतील.