रिकामी जागा खंडोबाची

अश्विनी,

मी कपडे न्यायला घरी आले होते. तू मळ्यात गेलेली, आणि मला थांबायला वेळ नाही. ह्यांना चारला ऑपरेशनला आत घेणार आहेत.

सकाळी देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक दिसला नाही, तर उजळताना तूच हरवलास म्हणून मी शेजारणीपुढं तुला नको ते बोलले. धाकटी जाऊ म्हणून तू ऐकून घेतलंस. अगं, टाक ह्यांनीच नेला होता! एकोणीस वर्षांत ह्यांनी कधी देवाला हात जोडले नाहीत. गॅरेजात याहून जाड पत्रा मिळतो म्हणून हसायचे. नर्सनं मूठ उघडायला लावली, तर आत खंडोबा. आत काही नेता येत नाही म्हटल्यावर टाक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मंदा, ह्याला खाली ठिवू नको. मला लई भ्या वाटतंय."

संध्याकाळी दिवा तू लाव. टाकाच्या रिकाम्या जागी नुसता भंडारा वाहा. माझं बोलणं मनात धरू नको.

अक्षर वाकडं आलंय, कागद सारखा सरकतोय. डावी मूठ मी अजून उघडलेली नाही.

मंदा