उशीतला कागद

अहो, घर उलथंपालथं करू नका. आज बोर्डिंगात दाखवायचा स्कॉलरशिपचा कागद हरवला न्हाय. तुमच्या अम्मांनी तो तुमच्याच उशीत शिवून ठेवलाय. पिंजाऱ्याच्या घरात जपायची वस्तू कापसात ठेवत्यात, हे तिकडं राहून विसरला असाल, म्हणून लिवते.

आम्ही दोघी कसबा बावड्याला लग्नघरच्या गाद्या भरायला निघालोय. तुम्ही नमाजाला गेलाय आणि गाडीवाला थांबंना. उशी सुरीनं फाडू नका. लाल दोऱ्याची शिवण तेवढी उसवा, आणि आधी दार लावून घ्या, न्हाईतर कापूस गल्लीभर होईल. भाकरी शिंक्यात हाय.

शिवायच्या आधी अम्मांनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि तो कागद तीनदा वाचून घेतला. कुणाकडनं? माझ्याकडनं. गेल्या सुट्टीत तुम्ही मला अक्षरं शिकवत होता, तवा माझी पाटी उंबऱ्यावर आपटून फोडली ती ह्याच अम्मांनी. आज मी शेजारी निरोप ठेवाय निघाले, तर म्हणाल्या, "शेजारी कशाला? चिठ्ठी लिव की. येतंय न्हवं तुला?"

स्कॉलरशिप देणारे शेठजी भेटले तर सांगा, त्यांनी शिकवलं एकाला, पण घरात दोघं वाचाय लागली.

खाली अम्मांचं नाव हाय. त्यांनीच लिवायला लावलं. शाई वाळायच्या आधीच त्यावरनं बोट फिरवत बसल्या, म्हणून ते असं फिसकटलंय.

नजीरा

इमामबी