डबा बंद करणाऱ्याचं दार

माय, तू गेल्यानंतर मी जे काम सुरू केलं, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. नंदुरबारला एका माडीवर माझं ऑफिस आहे. खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. दुकानातला माल, बिलं सगळं इंटरनेटवर राहतं. दुकानदार वापरतो तोवर महिन्याचं भाडं देतो, नको झालं की थांबवतो. हा धंदा मी शिकले कॉलेजात, असं बरीच वर्षं मला वाटत होतं.

पुरुषोत्तमनगरच्या कारखाना वसाहतीतली आपली खोली आठवते. गाळप सुरू झालं की बाहेरगावचे कामगार तुझ्याकडे डबा लावायचे. एका दुपारी मी निरोप घेऊन येते, की फिटरकाकांनी डबा बंद केला, आणि वर म्हणते, बरं झालं, एक फेरी वाचली. तुझे हात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात. तू माझ्याकडे अशी बघतेस की मी दारातच थांबते. "तुनी इचारं का त्याले? मानूस उगाच जेवन सोडत नई. काहीतरी व्हयेल ऱ्हास." पीठ झाकून, हात धुऊन तू थेट त्यांच्या क्वार्टरवर. मी मागे मागे. काका गालाला फडकं बांधून बसलेले. "दात काढेल शे मावशी, भाकर चावता येत नई." तू कमरेवर हात ठेवलेस. "मंग सांगानं नई का? मी काय परकी शे?" संध्याकाळी त्यांच्याकडे मऊ खिचडी गेली. हंगाम संपेपर्यंत ते तुझ्याकडेच जेवले, आणि पुढच्या हंगामात आणखी चौघांना घेऊन आले.

आमचं काम सुरुवातीला भराभर वाढलं. मग जुनी दुकानं गुपचूप गळू लागली. तक्रार नाही, भांडण नाही, नुसतं बंद. माझा भागीदार पुण्याचा, हुशार माणूस. तो म्हणाला, जाहिरात वाढवू, गेले त्यांच्या जागी नवे आणू. तसंच चाललं असतं तर वर्षभरात कुलूप लागलं असतं. मी आकडे बघत बसले होते, आणि एकदम तुझी ती नजर आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धानोऱ्याला गेले, नुकतंच आम्हाला सोडलेल्या एका दुकानात.

दुकानदाराने चहा मागवला. जरा ओशाळूनच बोलला, "ताई, तुमनं सॉफ्टवेअर चांगलं शे. पन ते चालाडे त्या पोरनं लगीन व्हई गयं. नवीले भ्याव वाटस." लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या जागी आलेली नवी मुलगी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर कापड टाकून बसली होती. मी तिच्याजवळ स्टूल ओढलं. ती हळूच म्हणाली, "एक बटन चुकनं तं सम्दं पुसाई जाई ना?" मी म्हटलं, "काहीच व्हत नई. दाब तू, मी आठेच बशेल शे." जेवणाच्या वेळेपर्यंत ती गिऱ्हाइकाला बिल काढून देत होती, आणि माझ्याकडे बघायचीही तिला गरज उरली नव्हती.

मग मी आमचं सॉफ्टवेअर बंद केलेल्या एकेका दुकानात गेले. कोरीटला, शहाद्याला, वर धडगावपर्यंत. बहुतेक ठिकाणी तीच गोष्ट: शिकलेलं माणूस गेलं, नव्याला कुणी विचारलं नाही. आता कुठल्याही दुकानात नवं माणूस बसलं की आमच्याकडून त्याला फोन जातो, आणि तो त्याच्या बोलीत जातो. डोंगरातल्या दुकानांशी तिथल्या पावरी बोलीत बोलायला तिकडचीच एक मुलगी आहे. सगळी दुकानं परत आली नाहीत, पण गळती थांबली. पुढे तीच दुकानं शेजारच्यांना आणू लागली. आता गुजरातेतूनही मागणी येते, आणि भागीदार नव्या पोरांना सांगतो, आधी दुकानात जाऊन बसा. तुला कुणी उद्योजक म्हटलं नाही, माय. डबेवाली मावशी म्हणत. पण गिऱ्हाईक टिकवायचं म्हणजे काय, हे तुझ्याइतकं सरळ मला कुणी दाखवलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी नीट उतरवून काढलं. एक कबूल करते. आपली बोली मी बोलते फाडफाड, पण लिहायला घेतली की अडखळते, म्हणून माणसांच्या तोंडचं बोलणं तेवढं तसंच ठेवून बाकी सगळं शाळेतल्या मराठीत लिहिलं. तुला हे परकं वाटेल. आता ऑफिसचं दार लोटून घेते, आणि पहिल्यापासून सगळं आपल्या बोलीत मोठ्याने सांगते.