ओढ्याला आधी कळलं

सांगली, ३ सप्टेंबर २०२४
॥ श्री गणपती प्रसन्न ॥

ती. रंगूआत्यांस, संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून लिहिते. आमची प्रयोगशाळा गावोगावचं सांडपाणी आणि कावीळ झालेल्या माणसांचं रक्त तपासते. दोन्हींत एकच विषाणू सापडतो, असा नेहमीचा अनुभव. तुमच्या वाडीचं मात्र विचित्र आहे. ओढ्यात हिपॅटायटिस-ई भरभरून सापडतोय आणि दवाखान्यात वाडीचा एकही रुग्ण नाही. माझीच चूक असेल म्हणून पुन्हा नमुना मागवला, तर पहिल्याहून जास्त. ओढा म्हणतो घरोघरी कावीळ आहे, माणसं म्हणतात कुणालाच काही नाही. मला भीती वाटली, आत्या.

ही कावीळ बाकीच्यांना बहुधा आपोआप सोडते, पण गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. आपल्या पूजावहिनीला सातवा लागलाय आणि शिवतेजदादा तिकडे पठाणकोटला पलटणीत. सून तुमची असली तरी मैत्रीण माझी आहे. तिला उकळलेलंच पाणी द्या. वाडीत कुणाची भूक मेलीय का, डोळे पिवळे दिसतात का, तेही कळवा.

लोभ वाढवा, पण पाणी आधी उकळा.
संयोगिता

वरची वाडी, औंधजवळ, ९ सप्टेंबर
॥ श्री यमाई प्रसन्न ॥

चि. संयोगितास रंगूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरगी काय करते असं पाव्हणे विचारतात, तेव्हा मी शिकतेय एवढंच सांगते. गटारं हुंगते म्हटलं तर तुझं लग्न जमायचं नाही. वाडीत कुणी आजारी नाही. पूजा धडधाकट आहे, पण उकळलेलं पाणी तिला मिळमिळीत लागतं.

मला मात्र यंदा बसायला सवड नाही. माझ्या सासरी माळ बांधायचा हात आहे, तुला ठाऊकच आहे. घेटुळीच्या काड्यांची माळ गळ्यात घालायची, ती रोज थोडी लांबते आणि बेंबीखाली आली की दुखणं उतरलं. माळ गळ्यात असेतो दुखण्याचं नाव घ्यायचं नाही आणि डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. म्हणून मीही नाव लिहीत नाही. यंदा सकाळपासून अंगण भरतं. सगळे भिंतीला टेकून गप्प बसतात, बोलत नाहीत, हलत नाहीत. डोळे हळदीसारखे. कधी कधी मलाच त्यांच्याकडे पाठ करवत नाही. माळ बांधली की ज्याने त्याने आपल्या हाताने रांजणातून ओंजळभर पाणी प्यायचं आणि निघायचं. रांजण भरायचं काम पूजाच आवडीने करते, आम्हा दोघींनाही त्यातलंच गार पाणी गोड लागतं.

तुझ्या आईला विचारल्याचं सांग. माया पातळ करू नकोस.
तुझी आत्या

सांगली, १३ सप्टेंबर

ती. आत्यांस शि. सा. न. वि. वि.

मायना थोडक्यात आटपते, राग मानू नका. माझे हरवलेले रुग्ण तुमच्या अंगणात बसलेत. ते त्याच रांजणात हात बुडवतात आणि तुम्ही दोघी त्यातलंच पाणी पिता. रांजण आजच रिकामा करा. आलेल्यांना दवाखान्यात धाडा. वहिनीला पत्र मिळताच माझ्याकडे पाठवा. तिच्या माहेरी आई नाही, तेव्हा बाळंतपण इथंच करू.

मी चिडलेय. माया कमी झालेली नाही.
संयोगिता

वरची वाडी, १७ सप्टेंबर

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

वाडीतल्या नाथाजीच्या जीपमधून पूजाला पाठवते आहे, हे पत्र तिच्याच हाती. निघताना म्हणाली, आत्याबाई, मला काय बी झालं न्हाई, उगं कशाला धाडताय? डोळे मी उजेडात बघितले, पांढरेशुभ्र आहेत.

रांजण पालथा घातला. आता माळ बांधत नाही, दवाखान्यात जा, असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी जागचं उठलं नाही. दुपारी दार लावून घेतलं, तरी भिंतीपलीकडे माणसं बसलेली कळतात. इतकी वर्षं लोक माझ्या हाताला यश आहे म्हणत होते. आज त्याच हाताची भीती वाटते.

माझं लेकरू तुझ्या हवाली केलं आहे. जप.
आत्या

सांगली, ५ ऑक्टोबर

ती. आत्यांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नाथाजींच्या हाती देते आहे. ते वहिनीचे कपडे पोचवायला आले होते. तुम्ही त्यांच्याच जीपने निघा.

वहिनी आल्यापासून घरात सगळं उकळून चाललंय. ती हसते, बाळासाठी टोपडं विणते, मला गटारवाली म्हणते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या चेंबरमधूनही आम्ही नमुना घेतो. वर्षभर तो स्वच्छ येत होता. या खेपेला विषाणू सापडला. त्याची जात ताडून पाहिली, ती तुमच्या ओढ्यातलीच निघाली. गल्लीत सगळी जुनीच माणसं आहेत, आत्या. तुमच्याकडून आलेली एकटी तीच.

डोळे अजून पांढरे आहेत, पण ते पिवळे व्हायच्या आधीच विषाणू पोटातून बाहेर पडू लागतो. तिला काही सांगितलेलं नाही, नुसतं तपासणीला जायचं म्हटलंय. बेड मिळालाय, दादाला रजा काढायला कळवलंय. आज सकाळी तिने अर्धी भाकरी ताटातच ठेवली आणि हसत म्हणाली, भूकच न्हाई बगा.

तुमचा हात आज तिच्या डोक्यावर हवा. लवकर या.
संयोगिता