हमूदचं दुसरं पिवळं

९ नोव्हेंबर
लिहायला का घेतलं ते आधी. मागच्या मोसमात फुटबॉल कपचा पहिलाच सामना आम्ही तीन-शून्य जिंकलो आणि तरी बाद झालो. बंदी असलेला खेळाडू उतरवला होता. कोणी ते लिहूनच ठेवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लिहिलं असेल. मी ह्या ओमानी क्लबात नवीन, फक्त पत्रव्यवहार बघत होते.
आज मॅनेजर अबू सालिमनी कार्डांची वही माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, इस साल तुम लिखेगा. एक आदमी लिखेगा. खलास."
ती ऑफिसची. ही माझी, ताडून बघायला. नियम पहिल्याच पानावर: कपमध्ये दोन पिवळी कार्डं = पुढचा एक सामना बाहेर. लीगचा हिशेब वेगळा. समितीची यादी कधी सामन्याआधी येते, कधी नंतर. जबाबदारी क्लबची. खूण: पि.
अठ्ठावन्नाव्या वर्षी, सदतीस वर्षांपूर्वीच्या बी.कॉम.वर ह्या माणसाने नोकरी दिली. विसरायचं नाही.

१७ नोव्हेंबर
पहिली फेरी, इथेच, आपल्या सहम गावच्या मैदानावर. २-१. पि: दोन, नोंदली.
सामन्याआधी कॅप्टन हमूद ऑफिसात आला. पस्तिशीचा, सकाळी शेजारच्या खाबुऱ्याच्या शाळेत पी.टी. शिकवतो. गुडघा गेलाय, हा शेवटचा मोसम. वडील ह्याच क्लबचे जुने कॅप्टन. आपला क्लब अजून एकदाही कपच्या फायनलला गेलेला नाही. तो दंडाला वडिलांची जुनी कापडी पट्टी बांधतो, शिवण उसवलेली. दोन टाके घालून दिले. म्हणाला, "मॅडम, मेरा बाबा खुश होगा." म्हटलं, बाबांना खूश करायचं तर रेफ्रीशी तोंड कमी चालव.

१२ डिसेंबर
दुसरी फेरी, मस्कतच्या क्लबशी. १-०, जीव मुठीत धरून. हमूद पि-१ (७१ व्या मि., समोरच्याची जर्सी ओढली). परतताना बसमध्ये सगळ्यांदेखत सुनावलं. पोरं हसली. तो मुकाट ऐकून घेतो, हा गुण.
हे सोहारहून, औद्योगिक वसाहतीतली ड्यूटी संपवून, न्यायला आले. वही बघून: "घरात माझीही पिवळी नोंदवतेस का?" नोंदवते. सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी
कप थांबलाय. लीग चालू, मग रोजे. पुढचा सामना ईदनंतरच. लिहिण्यासारखं काही नाही. सीतारामला बोलले.
सीताराम गुरव, गुहागरचा, खेळाडूंचे कपडे सांभाळतो. इस्त्री कमी, गप्पा जास्त. "वैनी, तोंड बंद ठेवलंन तर इस्त्री थंड होते." म्हटलं, होऊ दे.

२४ मार्च
क्वार्टर फायनल. सोहारच्या मैदानावर. एक-एक, मग शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर हमूदचंच डोकं. २-१!
शिटी वाजली आणि पोरांनी जर्श्या काढून गर्दीत फेकायला सुरुवात केली. सीताराम रडकुंडीला. "वैनी, बारशाचे पेढे वाटावेत तशा वाटतायत! सेमीला काय बनियनवर खेळवू?" वही मिटली आणि त्याच्याबरोबर कुंपणापाशी गेले. अठरापैकी चौदा परत मिळवल्या. एका आजोबांनी तर अंगातच घातली होती. त्यांना सोडलं.
मग रेफ्रीच्या रिपोर्टची झेरॉक्स घेतली. पि: १, आपल्या विंगरला. नोंदलं.
देवाची कृपा. सेमी!

६ एप्रिल
आत्ताच लिहून ठेवते.
सकाळी कपड्यांच्या खोलीत सेमीच्या जर्श्या मोजत होतो. सीताराम बोलत होता, मी ऐकत नव्हते. मग कानावर आलं: "...ही चार नंबरची. शिटीच्या मागनं रेफ्रीन कॅप्टनला पिवळं दाखवलान ना, तेव्हा ह्यानंच पहिली फेकलीन."
"काय दाखवलं?"
"पिवळं. तुमी जर्श्या गोळा करत होतात. माझ्या फोनात हाय."
आहे. गर्दीमागे रेफ्रीचा हात वर, समोर हमूद दोन्ही हात पसरून बोलतोय. शिटीनंतर.
धावत ऑफिसात. रिपोर्टची मूळ प्रत काढली. मागच्या बाजूला, खाली, सामन्यानंतरच्या रकान्यात, हमूदचं नाव. मी झेरॉक्स पुढच्याच पानाची काढली होती. कागद उलटून बघितला नव्हता. मी. दुसऱ्यांच्या वह्या तपासणारी.
हमूद पि-२. परवाच्या सेमीत खेळला तर आपण बाद, मागच्या वर्षीसारखेच. नाही खेळला आणि हरलो तर त्याचा कप कायमचा संपला. मधला रस्ता नाही.
अबू सालिमना लगेच सांगितलं, चूक माझी हेही. त्यांनी कागद उलटून दोन्ही बाजू वाचल्या. "मॅडम, आज बोला, अच्छा किया. परसों बोलता तो..." हमूदला मीच सांगणार म्हटलं. त्यांनी मान हलवली.

७ एप्रिल
खाबुऱ्याला शाळेत जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. हे अर्धी रजा टाकून घेऊन गेले.
पटांगणात मुलं कवायत करत होती. मी सरळ सांगितलं. त्याने विचारलं, "वो सीटी के बाद वाला भी गिनता है?"
"गिनता है."
"मैं समझा, खेल खतम, तो कार्ड भी खतम."
म्हटलं, मी कागदाची मागची बाजू बघितली नाही. बघितली असती तर त्याच दिवशी सांगितलं असतं, कोचला दोन आठवडे मिळाले असते.
हसला. "मॅडम, मुँह मेरा खराब, किताब तुम्हारा खराब. दोनों बराबर." त्या हसण्याचंच जास्त वाईट वाटलं.
निघताना खिशातून वडिलांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "दूसरा कॅप्टन क्लब का पट्टी पहनेगा. ये तुम रखो. फायनल में दे देना."
"और फायनल नहीं आया तो?"
"तो तुम्हारे पास. लिख के रखो."
लिहून ठेवलं: कापडी पट्टी १, माझ्याकडे, परत करायची.
परतताना ह्यांनी वाटेत थांबून चहा घेऊन दिला. बरं वाटलं.

८ एप्रिल
सेमी. हमूद स्टँडमध्ये, शेजारी खुर्चीत त्याचे बाबा. कोणी काही विचारलं की बाबा म्हणायचे, इन्शाल्ला.
०-०. जादा वेळ. ०-०. पेनल्टी. मी एकही बघितली नाही, फक्त वहीत रेघा ओढल्या, सीताराम सांगेल तशा. "गेला... वैनी, गेला आत... त्यांचा मारलान बाहेर!" ४-३.
फायनल.
आज वही मिटली नाही. रेफ्री आत जाईपर्यंत उभी होते. मग रिपोर्ट घेतला, दोन्ही बाजू वाचल्या, दोन्ही बाजूंची झेरॉक्स. मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या पानाकडे बघून डोळे भरून आले, मूर्खासारखे.

९ एप्रिल
सीतारामला बोलावून सांगितलं, तू बोलला नसतास तर आपण बाद होतो. डोळे मिचकावून म्हणाला, "म्हणजे आता इस्त्री करताना बोललं तर चालेल?" चालेल म्हटलं. पस्तावणार आहे मी.
अबू सालिमनी पुढच्या वर्षासाठीही थांबा म्हटलं. माझ्या चुकीबद्दल एक अक्षर नाही. इतकी माणसं एका मोसमात माझ्याशी इतकी नीट वागली. मी कितींशी वागले?

२८ एप्रिल
मस्कत. फायनल. ऊन अजून स्टेडियमच्या भिंतीवर.
हमूदची बंदी सेमीतच भोगून झाली. समितीचं पत्र आलं, पुढून-मागून वाचलं. बाबा समोरच्या रांगेत.
सामना अधिकाऱ्याकडे सुपूर्द, सही घेतली:
खेळाडूंची ओळखपत्रं, २३. हमूदचं सगळ्यांत वर.
संघाची यादी, दोन प्रती.
डॉक्टरांचे दाखले, २३.
समितीचं पत्र, मूळ.
आणि मैदानात उतरायच्या बोगद्याच्या तोंडाशी, ह्याची सही नाही:
कापडी पट्टी १, धुऊन, शिवण पक्की करून, हमूदच्या हातात. त्याने दंड पुढे केला. मी बांधली. "मॅडम, आज मुँह बंद," म्हणाला.
वही उघडी आहे. सुरुवातीची शिटी झाली.