पिवळी दोरी आणि पादाकुलक

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी ६.
पहाटे कानात पुन्हा तोच आवाज. साबणाचं पाणी लावलेली, मनगटाएवढी जाड केबल जमिनीखालच्या पाइपात शिरतानाचा. सुळ्ळऽऽक. थांबणं. सुळ्ळऽऽक. डोलवीचं काम, १९८९. दोरावर गागोद्याकडच्या वाडीची चाळीस माणसं, आणि केबलच्या लाकडी ड्रमवर उभा मी. मुकादम. बोल देणारा.

चला गड्यांनो, ताणा दोर
काळोखातुन ओढू भोर!

रचना माझीच. वृत्त पादाकुलक. पेणच्या शाळेत गुरुजींनी छडी आपटून शिकवलेलं. मात्रा चुकली की केबल अडते. हे इंजिनियरिंगला शिकवत नाहीत.

आनंदाची बातमी: रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या सोसायटीत नवी केबल येणार. गेटपासून मागच्या मीटर रूमपर्यंत, एकशे साठ मीटर, तीन वळणं. रविवारी २२ला. बोल कोण देणार हे उघड आहे.

१५ डिसेंबर.
कॉन्ट्रॅक्टर नितेश भेटला. वयाने तिशीतला, पण नम्र. पाइपातून आधीच एक पिवळी दोरी टाकून ठेवली आहे. रविवारी तिच्या शेपटाला जाड दोर बांधून ओढायचा, दोरामागून केबल. म्हणाला, दाजी, तुमच्याकडे एकच काम. त्या दोरीला कुणी हात लावायचा नाय.
किती विश्वास!
बोलाचं विचारलं. म्हणाला, दोर ओढायला विंच मशीन आणतोय. मशीनला मात्रा कळतात का, असं विचारल्यावर फोन कानाला लावून निघाला. पटलं त्याला.
संकल्प: रोज सकाळी सराव. वैशालीने (सून) सांगितलंय की बाथरूममध्ये नको, बाहेर लाइन लागते.

१६ डिसेंबर. सकाळी ११.
मीटर रूमकडच्या टोकाला दोरीची पाहणी केली. हात लावू नये हे इतरांसाठी. जरा ओढून पाहिली. थोडी अडली, मग कट्ट असा आवाज झाला आणि लोण्यासारखी यायला लागली! या वयात! नुसत्या आवाजाच्या बळावर! भान हरपून बोल म्हणत राहिलो. एकोणतिसाव्या आवर्तनाला दोरीचं दुसरं टोक हातात आलं.
टोकाला मोडकी काठी. दोरी आत सरकू नये म्हणून गेटकडच्या तोंडाशी आडवी बांधलेली असावी. कच्चं लाकूड. नितेशला चांगलं लाकूड ओळखता येत नाही, हे सांगायला हवं. आज नको.
चिंता नाही. डोलवीलाही दोरी अशीच हातात आली होती. जेवून येऊन बघतो तर पुन्हा पाइपात. अशा गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

दुपारी ३. जेवून जाऊन पाहिलं. पाइप रिकामा.

१७ डिसेंबर.
दोरी पलंगाखाली ठेवली होती. वैशालीला सापडली. म्हणाली, बाबा, कधी नव्हे ती कामाची वस्तू आणलीत. गॅलरीत बांधलीसुद्धा. आता मागायची कशी?
बांबूच्या कामट्या एकमेकींना बांधून पाइपात सारल्या. अकरा मीटर गेल्या. म्हणजे एकशे एकोणपन्नासच राहिले.

१८ डिसेंबर.
जुना उपाय. उंदराच्या कमरेला दोरा बांधून पाइपात सोडला. गेटच्या टोकाला खोबरं ठेवलं. मिनिटाभरात परत माझ्याकडेच आला, दोरा कुरतडून. रोह्याचा उंदीर. पेणचा असता तर गेला असता.
जेवून आल्यावर पाहिलं. रिकामा.

१९ डिसेंबर.
तिसऱ्या मजल्यावरची नमिता जिन्यात भेटली. दोन हातांत दोन कळश्या. जुन्या केबलवर पंप चालत नाही, पाच महिने असंच. म्हणाली, दाजी, रविवारी नक्की ना हो? माझे गुडघे गेले आता. हा रविवार चुकला तर वीज बंद ठेवायला पुढचा शटडाउन म्हणे महिन्याने.
नक्की म्हटलं. मग एक कळशी वर नेऊन दिली. दम लागला. दुसरं कडवं सुचलं, पण ते लिहावंसं वाटलं नाही.

२० डिसेंबर.
नितेशचा फोन. दोरी ठीक आहे ना? म्हटलं, उत्तम स्थितीत. हे सत्य आहे. तिच्यावर सहा चादरी वाळत होत्या.

२१ डिसेंबर. संध्याकाळ.
संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम, नितेशला स्वच्छ सांगणे. लाकडापासून सुरुवात करणे.
जितेशने (मुलगा) विचारलं, बाबा, जेवलात की लगेच मीटर रूमकडे का पळता? शतपावली, म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.४०.
सातला बेल वाजली. नितेशच, असं धरून कबुलीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं. दार उघडलं.
ठमी.
डोलवीला दोरावर पहिला हात हिचा असायचा, मागे नवरा पांडू. पस्तीस वर्षांनी. केस पांढरे, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात शिट्टी. नितेशच्या गँगची मुकादम आता ही. मी काही बोलायच्या आत म्हणाली, गेटपाशी पाइपात दोरी नाय. वर बघतंय तर गॅलरीत चादरी, खाली पिवळी दोरी. म्हटलं, हितं आपला मुकादमच ऱ्हातो.
काठी कच्ची होती, असं मी म्हटलं.
व्हय, म्हणाली. डोलवीला बी कच्चीच होती. तू जेवाय गेलास तवा पांडूनं अर्ध्या भाकरीवर उठून परत घातली. म्हणाला, मुकादमाला नको सांगू, गाणं बंद करंल.
पांडू गेला त्याला सहा वर्षं झाली म्हणे.
माझ्या बोलावर केबल सरकायची की नाही, एवढं तरी विचारलं. हसली. तू गायचास तवर आम्ही दम खायचो. गाणं संपलं की ओढायचो. म्हणून तर पांडूला पायजे व्हतं.
मग वैशालीला हाक मारली: चादरी काढ गो! हवेचा पंप आणलाय, पिशवीला सुतळी बांधून पाइपातनं फुंकते, सुतळीमागनं अर्ध्या तासात दोरी आत.
जाता जाता मला म्हणाली, चल, विंच मधल्या वळणावर नाय पोचत. तितं माणसं लावलीत.
कुठलं म्हणू, विचारलं.
लांबडं असंल ते, म्हणाली.